मेण ओतायच्या आधी

पूल टेबलावर कापड चढवणारी बाई म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं करते काय? हसणाऱ्यांना हसू द्यावं. ज्या टेबलावर त्यांची पोरं तासन्‌तास काठ्या घेऊन वाकलेली असतात, त्याच्या कापडावर एक सुरकुती नसते, बॉल कुठे अडखळत नाही, हे काही आकाशातून पडत नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, खाली पार निपाणीपर्यंत अशा कितीतरी टेबलांचं कापड मेहमुदा नदाफच्या हातांनी ताणलेलं आहे. खेळणाऱ्यांपैकी कुणी तिला क्वचितच पाहिलं असेल, कारण ती सकाळी हॉल उघडायच्या आत येते आणि पोरं जमायच्या आत डोक्यावरचा पदर सारखा करून निघूनही जाते.

नदाफ म्हणजे पिंजारी. मेहमुदाचं माहेर हातकणंगल्याचं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापूस पिंजायचं काम बापाचं आणि भावांचं, खोळ चढवायचं काम हिचं. खोळ सैल राहिली तर गादीत गोळे होतात, जास्त ओढली तर शिवण उसवते. कापड कुठे 'बास' म्हणतं ते बोटांना कळायला हवं, एवढं एकच शिक्षण बापानं तिला दिलं, पण ते पक्कं दिलं. लग्न झालं ते कोल्हापूरच्या सदर बाजारातल्या गैबी नदाफशी. त्याचंही घराणं पिंजाऱ्याचंच, पण या गड्यानं जन्मात कापसाला हात लावला नव्हता. कापसानं मला शिंका येतात असं सांगून तो पोरवयातच घरच्या धंद्यातून सटकला आणि संस्थानच्या काळापासून चालत आलेल्या एका क्लबात मार्करच्या हाताखाली राहिला. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सचे गुण मांडणारा आणि टेबल राखणारा माणूस. तो म्हातारा मार्कर गेला, मागोमाग क्लबही बंद पडला, पण टेबल कसं राखायचं ते गैबीच्या अंगात मुरलं होतं. पुढे गल्लोगल्ली पूलचे हॉल निघाले. मुंबईहून येणारी टेबलं ट्रकमधून उतरेपर्यंत खिळखिळी झालेली असायची आणि ती नीट उभी करून देणारा माणूस जवळपास दुसरा नव्हता. लोक गैबीचं घर शोधत येऊ लागले.

मेहमुदा या धंद्यात आली ती नवऱ्याच्या फजितीमुळे. दगड, लाकूड, लोखंड यांच्याशी गैबीचं छान जमायचं, पण कापड म्हटलं की त्याचे हात-पाय गळायचे. एका हॉलमध्ये त्यानं चढवलेलं कापड दोन दिवसांत पापडासारखं फुगलं. मालकानं चारचौघांत त्याला झापलं. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. मेहमुदानं कारण काढून घेतलं आणि म्हणाली, उद्या मला ने. तो हसला. सासूनं तर घर डोक्यावर घेतलं, जुगाराच्या अड्ड्यावर सून पाठवायची का म्हणून. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मेहमुदा त्याच्या लुनावर मागे बसून गेली, फुगलेलं कापड उकललं, चारी बाजूंनी बोटांनी चाचपत पुन्हा ओढलं, आणि ते असं बसलं की मालकानं खाली वाकून बघितलं, याला डिंक-बिंक लावलाय की काय. तेव्हापासून कापड तिचं झालं. सासू नंतर गप्प झाली, फक्त पत्त्यांचं तिला शेवटपर्यंत पटलं नाही. ते पत्ते खेळायचे नव्हते, टेबलाच्या दगडाखाली सारायचे होते, पण म्हातारीला ते कोण समजावणार? गैबी जुन्या कॅटमधली पानं शर्टाच्या आत लपवून घरातून न्यायचा.

या पानांचं काय काम, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चांगल्या टेबलाचं अंग दगडी असतं. कापडाखाली फळी नसते, पाटीच्या दगडाचे तीन मोठे तुकडे असतात, आणि एकेक तुकडा उचलायला चार माणसं लागतात. लाकडी सांगाड्यावर हे तीन तुकडे एकमेकांना चिकटून मांडायचे, आणि तिन्ही मिळून एकच पाटी आहे असं वाटेपर्यंत, जिथे केसाएवढा उतार असेल तिथे दगडाखाली पत्त्याचं एखादं पान सारायचं. मग दोन दगडांमधल्या सांध्यात तापवलेलं मेण ओतायचं. मेण घट्ट झालं की ते खरवडून सपाट करायचं आणि वर कापड ताणायचं. एकदा मेण भरलं आणि कापड बसलं की आतलं सगळं झाकलं जातं. त्यानंतर पायांखालच्या लोखंडी चकत्या फिरवून आख्खं टेबल इकडचं तिकडं कलवता येतं, पण दगडाला हात लावायचा तर सगळं फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सांगाडा बनवायचा बाळासो सुतार. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या पाठीमागे त्याची पत्र्याची शेड होती, तिथेच या तिघांचं काम चाले. चकत्या शेजारच्या फौंड्रीतून ओतून मिळत. बाळासो फार बोलायचा नाही. बोलला तर लाकडाशीच बोलेल असं मेहमुदा म्हणायची. कामाची वाटणी ठरून गेली होती. लाकूड बाळासोचं, नजर गैबीची, सांधा, मेण आणि कापड मेहमुदाचं. दगड मांडून झाले की ती सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची आणि नख अडकलं तर तेवढंच सांगायची, अडकतंय. गैबी तिथे खाली पान सारायचा. घरात त्या दोघांची दखनी उर्दू चाले, कामावर बाळासोमुळे मराठी, आणि मराठीत ती त्याच्याशी जरा जास्तच अदबीनं बोले.

गैबीच्या नजरेचा मात्र गाजावाजा होता आणि त्याला तो आवडायचाही. पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची ती काचेची नळी, तो आधी एकदा लावायचा आणि पिशवीत टाकून द्यायचा. मग टेबलाच्या टोकाला जाऊन गाल दगडाला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, उजव्या कोपऱ्यात अर्धं पान. अर्धं पान सारलं की बॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरल्यासारखा जायचा. हॉलवाले आपल्या मित्रांना मुद्दाम बोलवायचे, या, मिस्त्री नजर लावणार आहेत. गैबी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एखाद्या मालकानं पाणसळ पुन्हा लावून बघू का म्हटलं, तर तो पिशवी उचलून चालू लागायचा. मेहमुदाला हे सगळं माहीत होतं, ती त्याला चिडवायचीही, आणि मनातून त्याचा तिला अभिमानही होता. नाही कशाला म्हणायचं?

दोन हिवाळ्यांपूर्वी गैबीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी चहाचा कप हातातून पडला, तो तसाच बघत राहिला. सरकारी दवाखान्यात लवकर नेलं म्हणून निभावलं. हात आला, पाय आला, बोलणंही सरळ झालं. मुलगा शहजाद पुण्याहून येऊन राहिला, मुलगी कशिश माहेरपणाला म्हणून आली ती बापाला चालतं करूनच गेली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. डोळ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण डोळे ठणठणीत होते. पेपरातल्या बारीक जाहिराती तो चष्म्याशिवाय वाचायचा.

घरात मक्केची तसबीर होती. गैबी येता-जाता ती सरळ करायचा. मेहमुदा झाडताना बघायची, तसबीर एका बाजूला कललेली. ती सरळ करायची. तो येऊन पुन्हा कलवायचा. तिला आधी गंमत वाटली. मग त्यांचं आजारानंतरचं पहिलं काम आलं, राजारामपुरीतल्या एका जुन्या टेबलाचं कापड बदलायचं. गैबीनं पाणसळ लावली, बुडबुड्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, ही कुठेतरी आपटलीय. नजरेनं पायांखालच्या चकत्या फिरवल्या, एकदम खूश होऊन बाळासोबरोबर चहाला गेला. मेहमुदानं कापड चढवलं, इस्त्री फिरवली आणि सहज म्हणून एक बॉल सोडला. बॉल निम्म्यात गेला आणि भिंतीच्या बाजूला वळला. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा वळला.  तसबीर तिला तेव्हा आठवली.

तिनं काय करायला हवं होतं ते सांगणं सोपं आहे. गैबीला बोलवायचं, बॉल दाखवायचा. तेवढंही तिच्यानं झालं नाही. आजारातून उठलेला माणूस इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हसत चहाला गेला होता. गैबीची नजर गेली म्हणजे गैबी गेला, असं तिला वाटलं, आणि ती टेबलाखाली शिरली. पाना लावून चकती फिरवली. दगडाचं ओझं त्या चकतीवर असतं, खांद्यातून कळ निघाली, पण टेबल सरळ झालं. गैबी परत आला, गाल टेकवला, कपाळाला आठी घालून काही वेळ बघितलं. मग म्हणाला, कापडानं फसवलं मला, पण असू दे, चांगलं आहे.

त्यानंतर प्रत्येक कामावर मेहमुदाची एक इस्त्री उरायला लागली. तुम्ही व्हा पुढे, माझी शेवटची इस्त्री राहिलीय. इस्त्रीवर कुठला पुरुष वाद घालणार? ती एकटी मागे राहायची, पिशवीतली पाणसळ काढायची आणि त्यानं वाकडं केलेलं सरळ करायची. एके दिवशी पिशवीत तिला तिचा पाना वेगळाच दिसला. त्याचा दांडा कुणीतरी पाइपचा तुकडा वेल्डिंग करून लांबवला होता, म्हणजे फिरवायला कमी जोर लागावा. असं काम कोण करणार हे तिला कळलं. बाळासोनं विषय काढला नाही, तिनंही नाही. दोघं एकमेकांकडे न बघता काम करत राहिली.

दैवाची थट्टा बघा, त्या दोन वर्षांत गैबीचं नाव आणखी वाढलं. आजारातून उठल्यावर मिस्त्रींची नजर जास्तच धारदार झाली, असं एक हॉलवाला तिच्यासमोर म्हणाला. गैबीनं मिशीवरून बोट फिरवलं आणि मेहमुदाकडे बघितलं, ऐकलंस का, या अर्थानं. तिनं मान हलवली. त्या रात्री तिला स्वतःचाच राग आला. त्याला जपायला म्हणून जे सुरू केलं, त्यानं त्याला आणखी उंचावर नेऊन बसवलं होतं, आणि आता खाली उतरवायचं कसं हे तिला सुचत नव्हतं. एकदा तिनं नुसतं म्हणून बघितलं की डोळे तपासून घ्यावेत. त्यानं समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर घडाघडा वाचून दाखवला आणि हसला.

मग शिरोळहून राजवर्धन आला. बागायतदाराचा मुलगा, पंचविशीचा, बोलायला गोड. नदीचं पाणी कितीही चढलं तरी पोचणार नाही अशा उंचीवर त्यानं हॉल बांधला होता, खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर पूल. त्याला जुनं टेबल नको होतं. कोरं, इथेच बनवलेलं, मिस्त्रींच्या नजरेचं हवं होतं. गैबीला आभाळ ठेंगणं झालं. आजारानंतरचं त्याचं हे पहिलं कोरं टेबल. बाळासोनं सागवानाचा सांगाडा केला, गैबी रोज शेडवर जाऊन त्याच्यावरून हात फिरवायचा. मेहमुदाचा जीव मात्र टांगणीला लागला. जुन्या टेबलांचे दगड आधीच पक्के बसलेले असायचे. वाकडेपणा पायांतला, आणि पाय तिला पान्यानं फिरवता यायचे. इथे दगडच नव्यानं बसायचे होते, गैबीच्या नजरेनं. दगड वाकडे बसले, वर मेण भरलं, तर तिच्या कुठल्याच इस्त्रीनं ते सरळ होणार नव्हतं. जे बोलायचं ते मेण ओतायच्या आधी बोलायला लागणार होतं. शिरोळला जाताना टेंपोत ती सगळी वाट तेच घोकत होती आणि प्रत्येक गावाला ठरवत होती की पुढच्या गावाला बोलू.

हॉलमध्ये माणसं जमली होती. राजवर्धनचे वडील, दोन चुलते, खाली ट्रॅक्टरच्या कामाला आलेले चार पावणे. सगळ्यांना नजर लावताना बघायचं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. हमालांनी दगड जिन्यावरून चढवले, सांगाड्यावर ठेवले आणि घाम पुसत तेही भिंतीला टेकून उभे राहिले. गैबीनं पाणसळ पिशवीतून काढलीसुद्धा नाही. या टोकाला गाल टेकवला, पान सारलं. मग त्या टोकाला जाऊन तिकडच्या दगडाला गाल टेकवला, पान सारलं. मेहमुदा बघत होती आणि काय होतंय ते तिला लख्ख दिसत होतं. या टोकाला तो आपली डावी बाजू उचलत होता आणि त्या टोकाला जाऊनही आपली डावीच. दोन टोकांचे दगड दोन उलट्या अंगांना कलत होते, आणि मधला बिचारा कुणाच्याच पंक्तीला बसत नव्हता. तिनं सांध्यावर नख फिरवलं. अडकतंय, म्हणाली. त्यानं पान सारलं. पलीकडे अडकायला लागलं. ते दुरुस्त केलं तर अलीकडे. असं कितीदा तरी झालं. खुर्च्यांवरची माणसं चुळबुळ करू लागली. गैबीच्या मानेची शीर ताठ झाली.

"बास झालं," तो म्हणाला. "मेण वत."

तिच्या हातात मेणाचं पातेलं होतं. कोपऱ्यातल्या शेगडीवरून तिनं ते नुकतंच उतरवलं होतं. ती सांध्यापाशी आली आणि उभी राहिली.

"वत म्हणतोय न्हवं."

"न्हाय वतायची मी."

 एवढ्या वर्षांत कुणासमोरही तिनं त्याला नाही म्हटलं नव्हतं. गैबीला आधी कळलंच नाही, मग त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं पातेल्याकडे हात केला, तिनं ते पाठीमागे नेलं. मेणावर साय धरायला लागली होती. तिनं राजवर्धनकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं की मेणाला अजून वेळ आहे, तोवर सगळ्यांना खाली चहाला घेऊन जावं. पोरगं समजूतदार होतं. त्यानं वडिलांना उठवलं, हमालांना हाक मारली. जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले तेव्हा वर ती तिघंच उरली, गैबी, ती आणि बाळासो.

तिनं पातेलं खाली ठेवलं. पिशवीतून पाणसळ काढली आणि पहिल्या दगडावर ठेवली. बुडबुडा एका अंगाला पळाला. तिनं ती उचलून दुसऱ्या टोकाच्या दगडावर ठेवली. बुडबुडा विरुद्ध अंगाला पळाला.

"खराब हाय ती," गैबी म्हणाला.

पाणसळीवर संशय आला तर काय करायचं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी. आहे त्याच जागी ती उलटी फिरवून ठेवायची. पाणसळ खराब असेल तर बुडबुडाही बाजू बदलतो. दगड खराब असेल तर तो पहिल्याच अंगाला जातो. मेहमुदानं पाणसळ फिरवून ठेवली. बुडबुडा पहिल्याच अंगाला गेला. त्या क्षणी तिला वाटलं, आपण या माणसाला आपल्या हातानं मारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं पाणसळ उचलली नाही.

गैबी बुडबुड्याकडे बघत राहिला. मग दगडाकडे. मग त्यानं वाकून गाल टेकवला, एक डोळा मिटला, बराच वेळ तसाच राहिला आणि उठला.

"मला सरळ दिसतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कवाधरनं?"

"दवाखान्यातनं आल्यापास्नं."

"आणि मधली टेबलं? राजारामपुरीचं? जयसिंगपूरचं?"

  इस्त्री, इस्त्री, असं तो दोनदा पुटपुटला. मग बाळासोकडे वळला.

"तुला ठावं हुतं?"

बाळासो खाली बघत होता. "भाभी करत हुत्या," तो म्हणाला. "म्हणून मी गप ऱ्हायलो."

गैबी बाहेर गॅलरीत गेला. समोर ऊस उभा होता, त्याच्या पलीकडे नदीची झाडी. तो कठड्याला धरून उभा राहिला, पाठमोरा. मेहमुदाला वाटलं, आता हा जिना उतरेल आणि एस.टी. धरून घरी जाईल, आणि पुन्हा कधी पिशवी हातात घेणार नाही. ती त्याच्या मागे गेली नाही. काय सांगणार होती? मी तुझ्यासाठी केलं, असं म्हणणं खरं होतं आणि खोटंही होतं. तिला स्वतःलाही तो गाजावाजा हवा होता, गैबी मिस्त्रीची बायको म्हणून मिळणारी इज्जत हवी होती, हे तिला त्या रिकाम्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर कळलं. दोन वर्षं तिनं त्याला आजार समजू दिला नव्हता. बाकी जगाला कळलं नाही ते ठीक, पण ज्याचा आजार त्यालाच नाही. तिला लाज वाटली. बाळासो एका बाजूला बसून पत्त्यांची पानं उगाच सारखी करत होता.

खालून कपबशांचा आवाज येत होता. चहा कितीही सावकाश प्याला तरी संपतोच.

गैबी आत आला तेव्हा त्यानं दोघांकडेही बघितलं नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या. दगडांखाली सारलेली पानं एकेक करून ओढून काढली, सगळी. मग गुडघ्यावर बसला, डाव्या पायाला जरा त्रास झाला, बाळासो उठायला गेला तर हातानं नको म्हणाला. आणि टेबलाखाली पाठीवर आडवा झाला. इतकी वर्षं टेबलाखाली शिरायचं काम बाळासोचं होतं, हा वरूनच वाकून पानं सारायचा. बाळासोनं पत्त्यांची पानं त्याच्या छातीवर ठेवली.

"सांग," खालून आवाज आला.

मेहमुदानं पाणसळ पहिल्या दगडावर ठेवली.  "डावीकडं एक पान."

"तुझ्या डावीकडं का माझ्या?"

"माझ्या," ती म्हणाली.

तो सरकला. पान आत गेलं. ती सांगत गेली, तो सारत गेला. कुठे एक, कुठे अर्धं, एका ठिकाणी तिनं पाव सांगितलं तर त्यानं दातानं पान फाडल्याचा आवाज आला. त्यानं एकदाही उलट विचारलं नाही. तिन्ही दगड झाले, तिनं दोन्ही सांध्यांवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत नख फिरवलं, आणि ते कुठेच अडकलं नाही. जिन्यावर राजवर्धनची पावलं वाजली. तो दारातच थांबला. मिस्त्री खाली आणि चाची वर, हे बघून त्यानं मागून येणाऱ्यांना हातानं अडवलं.

तिनं पांढरा बॉल घेतला आणि उघड्या दगडावर हळूच सोडला. दगडावर बॉलचा खर्रर्र असा एक सलग आवाज होतो. तो आवाज गैबीच्या डोक्यावरून गेला, पहिला सांधा ओलांडला, दुसरा ओलांडला, आणि बॉल समोरच्या कडेच्या बरोबर मधोमध जाऊन टेकला. तिनं काही सांगायच्या आत तो बोलला.

"सांध्यावर वाजला न्हाय."

"न्हाय वाजला," ती म्हणाली. "सरळ गेला."

 तिला वाटलं तो रडतोय, आणि बहुधा तो रडतही असावा. खाली वाकून बघायचं तिला धाडस झालं नाही.

"बरं झालं मी खाली हाय, मेहमुदा," तो म्हणाला. "वर असतो तर मला ह्यो वाकडाच दिसला असता. वत आता मेण."

पातेल्यातलं मेण घट्ट झालं होतं. तिनं शेगडी पेटवली आणि ते पुन्हा वर ठेवलं. मेण विरघळायला वेळ लागत होता. तो खालून निघाला नाही, आणि तिनंही त्याला बाहेर या म्हटलं नाही.